‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ जपायचा कोणी?

मा. संपादक यांस,

सादर नमस्कार.

नव्वदच्या दशकातील बालपणावर आपल्या रविवार पुरवणीत जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या संगणकीय खेळाचा उल्लेख ऑडिओ कॅसेट, पत्रमैत्री आणि दूरदर्शनवरील रविवार सकाळ यांच्या पंगतीत एका ओळीत उरकला आहे. लेख वाचनीय होता आणि यादीतील इतर गोष्टींविषयी माझी काही तक्रार नाही. परंतु हा खेळ त्या यादीत बसवला की त्याच्याविषयी बोलण्यासारखे जे आहे ते सगळे बाजूला पडते, असे मला वाटते. तो मी अलीकडेच पहिल्या लेव्हलपासून शेवटपर्यंत पुन्हा खेळले. लहानपणी तो घाईघाईने, मागे नंबर लावून उभ्या असलेल्या मुलांच्या आरडाओरड्यात खेळला जाई. आता सावकाश खेळताना त्याची रचना दिसली, आणि ती इतकी विचारपूर्वक केलेली आहे की तिच्याविषयी एखाद्या कादंबरीविषयी लिहावे तसे लिहायला हवे. त्याचबरोबर, हा खेळ आज आपल्यापर्यंत पोचतो तो निव्वळ योगायोगांच्या मालिकेमुळे, हेही लक्षात आले. या पत्राचे कारण मुख्यतः ही दुसरी गोष्ट आहे, पण पहिली सांगितल्याशिवाय तिचे महत्त्व पटणार नाही.

जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने येल विद्यापीठात शिकत असतानाच ‘कराटेका’ हा खेळ लिहिला होता आणि १९८४ मध्ये तो बाजारात येऊन यशस्वीही झाला होता. १९८५ मध्ये त्याने ‘प्रिन्स’चे काम हाती घेतले आणि कॅलिफोर्नियातील ब्रॉडरबंड कंपनीने तो १९८९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी प्रकाशित केला. तोवर ॲपल टूचे दिवस भरत आले होते, त्यामुळे सुरुवातीची विक्री निराशाजनक ठरली. १९९० मध्ये खेळ डॉसवर, म्हणजे त्या काळच्या पीसी चालवणाऱ्या प्रणालीवर, आला आणि त्यानंतर त्याचे नशीब हळूहळू पालटले. आपल्याकडे ॲपल टू फारसा कोणी पाहिलाच नव्हता. आपल्याला प्रिन्स भेटला तो डॉसवर, अनेकदा एकरंगी मॉनिटरवर, शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा गल्लीतल्या संगणक क्लासमध्ये, आणि म्हणून आपल्या लेखी तो नव्वदच्या दशकाचाच.

त्या काळी ज्यांनी तो पाहिला त्यांना पहिल्यांदा जाणवली ती राजपुत्राची चाल. तोवर संगणकाच्या पडद्यावरची माणसे सरकत असत. हा माणूस धावत होता. मेकनरने आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला आणि कठड्याला लोंबकळायला लावले व व्हीएचएस कॅमेऱ्याने ते चित्रित केले. मग फीत जागोजागी थांबवून टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढले, फोटोंवर काळ्या पेनाने आणि खाडाखोडीच्या पांढऱ्या शाईने आकृती ठळक केली, तिची झेरॉक्स काढली आणि मग ती संगणकात उतरवली. तलवारबाजीसाठी त्याने १९३८ च्या रॉबिन हूडवरील हॉलिवूडपटातील एरल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांच्या द्वंद्वाचा आधार घेतला. खऱ्या हालचालींवरून चित्रे काढण्याची ही रोटोस्कोपिंगची पद्धत चित्रपटांत जुनीच होती. घरगुती संगणकाच्या तुटपुंज्या स्मृतीत ती बसवणे ही मात्र फार चिकाटीची गोष्ट होती.

तथापि, केवळ सुंदर ॲनिमेशन एवढेच सांगून थांबले तर मुद्दा निसटतो. मेकनरने त्या हालचालीचे वजन खेळाच्या नियमांत आणले. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ (१९९०) हा त्याच काळातला आणि तितकाच थोर प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे उड्या मारत अडथळे ओलांडण्याचा खेळ. त्यात मारिओने उडी मारल्यानंतरही त्याला हवेतल्या हवेत मागे-पुढे वळवता येते, आणि त्या खेळाची सारी मजा त्या लवचिकतेत आहे. प्रिन्समध्ये एकदा उडी सुरू झाली की ती पूर्ण होणारच. धावत असताना थांबायचे म्हटले तर राजपुत्राला आणखी एखादे पाऊल घसरावे लागते, वळायचे म्हटले तर त्यालाही वेळ लागतो. त्यामुळे खेळणाऱ्याला बोटांच्या चपळाईपेक्षा आधी विचार करण्याची सवय लावून घ्यावी लागते. शिफ्ट कळ दाबून धरली की राजपुत्र जपून एकेक लहान पाऊल टाकतो, कड्याच्या अगदी टोकापर्यंत जातो आणि तिथे थांबतो. त्याच सावध पावलांनी तो जमिनीतून उसळणाऱ्या सुळ्यांमधूनही सुखरूप पार होतो. पडदा सरकत नाही. प्रत्येक खोली तीन मजल्यांची आणि दहा फरश्या रुंदीची असते, म्हणजे अंतर नजरेने मोजता येते. कोणती फरशी सैल आहे, कोणत्या फरशीवर पाय पडला की जाळीचे दार वर जाते आणि ते खाली यायच्या आत किती धावता येईल, हा सगळा हिशेब खेळणाऱ्याच्या डोक्यात चालू राहतो. एखादी उडी चुकली तर दोष यंत्राला देता येत नाही. आजच्या पिढीला हा खेळ संथ आणि हट्टी वाटतो, असे मी घरातल्याच मुलांकडून ऐकले आहे. हट्टी तो आहेच. त्याचा हट्ट काढून टाकला तर त्यात काय उरेल ते मला सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. खेळातल्या दुष्ट वजीर जाफरने कैदेतल्या राजकन्येपुढे वाळूचे घड्याळ उलटे केलेले असते आणि तिला सोडवायला राजपुत्राजवळ साठ मिनिटे असतात, तीही खेळातली नव्हेत, आपल्या भिंतीवरच्या घड्याळातली. मरण्यावर मर्यादा नाही. कितीही वेळा मेलात तरी लेव्हल पुन्हा सुरू होते, मात्र गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. त्या काळच्या बहुतेक खेळांत मोजकी ‘लाइफ’ असत आणि ती संपली की खेळ संपे. मेकनरने तो हिशेबच बदलला. खेळ जिंकण्यासाठी निर्दोष असण्याची गरज नाही, पण प्रत्येक चूक कुठेतरी वसूल केली जाते, आणि ती वसुली दहाव्या-अकराव्या लेव्हलला येऊन भिडते, तेव्हा सुरुवातीला वाया घालवलेली दहा मिनिटे आठवतात. एखादा भाग पुन्हापुन्हा घोटून, त्यातले एकही पाऊल वाया न घालवता पार करण्याची जी वृत्ती या खेळाने मुलांत निर्माण केली, ती मला रियाजाच्या फार जवळची वाटते.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे सावली. खेळाच्या आरंभीच्या आराखड्यात लढाया जवळजवळ नव्हत्याच. मेकनरची सहकारी टोमी पिअर्स ही खेळात द्वंद्व हवे असा आग्रह धरत राहिली, आणि दुसऱ्या पात्राची चित्रे ठेवायला स्मृतीत जागाच नाही, असे तो सांगत राहिला. अखेर वाट सापडली ती त्या टंचाईतूनच: राजपुत्राचीच चित्रे एक बिंदू सरकवून त्यांच्यावरच अशा रीतीने उमटवायची की दोन्ही जिथे सारखी पडतात तिथे काहीच दिसू नये. त्यातून कडेकडेने झगमगणारी एक भुतासारखी आकृती तयार झाली, आणि तिच्यासाठी वेगळी चित्रे साठवावी लागली नाहीत. इथवर ही गोष्ट कोणत्याही हुशार प्रोग्रामरची आहे. पण मेकनरने त्या आकृतीला कथेत जी जागा दिली ती लेखकाची आहे. चौथ्या लेव्हलला दाराच्या वाटेवर एकाएकी आरसा उभा राहतो. त्यातून धावत उडी घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि उडी घेतली की राजपुत्राचे प्रतिबिंब दुसऱ्या बाजूने निघून पळून जाते व राजपुत्राची जवळजवळ सगळी शक्ती हिरावली जाते. पाचव्या लेव्हलला ही सावली आपल्या डोळ्यांदेखत औषधाची बाटली पिऊन टाकते. सहाव्याला ऐन क्षणी दार बंद करून आपल्याला खाली पाडते. बाराव्या लेव्हलला ती तलवार उपसून समोर येते, आणि तिच्यावर केलेला प्रत्येक वार आपल्याच अंगावर उमटतो. अकरा लेव्हल तलवार चालवायला शिकवून झाल्यावर इथे तलवार म्यान करावी लागते. मग सावलीही तलवार म्यान करते, दोघे एकमेकांत मिसळतात, आणि पुढच्या खोलीत जिथे जमीनच नाही तिथे पाऊल टाकताच पायाखाली फरशी येत जाते. या सगळ्यात सूचनेचा एक शब्दही पडद्यावर येत नाही. क्लासमध्ये आम्हाला हे कोडे सुटत नसे आणि मग कोणीतरी मोठा मुलगा डॉसवर ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करून लेव्हल ओलांडून देई. आता ते स्वतः सोडवताना वाटले, की आपण इतकी वर्षे हा प्रसंग जवळजवळ पाहिलाच नव्हता.

खेळात सगळेच सरस आहे असे माझे म्हणणे नाही. राजकन्येला उंदीर पाठवण्यापलीकडे काही करायला दिलेले नाही. आठव्या लेव्हलला तो उंदीर येऊन दार उघडणाऱ्या फरशीवर चढतो, एवढाच तिचा पराक्रम. आणि यातला ‘पर्शिया’ इराणच्या इतिहासापेक्षा अरबी सुरस कथांवर बेतलेल्या जुन्या हॉलिवूडपटांमधून आलेला आहे. यावर टीका व्हायला हवी. पण टीका करायची तरी मूळ वस्तू समोर असावी लागते.

इथून मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे वळते. डॉस आवृत्तीत सुरुवातीलाच एक खोली लागते, जिच्यात अनेक बाटल्या आणि प्रत्येकीजवळ एकेक अक्षर असते. खेळासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेतील अमुक पानावरच्या अमुक ओळीतील अमुक शब्दाचे पहिले अक्षर ज्या बाटलीजवळ आहे तीच प्यायची. विनापरवाना नक्कल करणाऱ्यांना अडवण्यासाठी ही योजना होती. आपल्याकडे फ्लॉपीवरून फ्लॉपीवर फिरलेल्या प्रतींना पुस्तिका कुठून असणार? कोणी अंदाजाने बाटली पीत असे, तर पुष्कळांच्या प्रतीत कोणीतरी ती अडचण आधीच काढून टाकलेली असे. अवघड गोष्ट अशी, की हा खेळ तगवून धरण्याचे बरेचसे श्रेय त्याच बेकायदा प्रतींना जाते. खुद्द मेकनरलाही मूळ ॲपल टू आवृत्तीचा सोर्स कोड, म्हणजे त्याने लिहिलेली मूळ आज्ञावली, कित्येक वर्षे सापडत नव्हता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात एक खोके मिळाले (याच वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी, खेळाचे संगीत दिले होते), त्यात साडेतीन इंची फ्लॉप्या निघाल्या. जुने डिजिटल साहित्य जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेचे जेसन स्कॉट आणि ॲपल टूचे जाणकार टोनी डियाझ यांच्या मदतीने त्या वाचल्या गेल्या आणि मेकनरने तो कोड सर्वांसाठी खुला केला. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर कायमचा टिकत नाही. ते खोके आणखी काही वर्षे तसेच राहिले असते तर एवढे नशीब लाभलेच असते असे नाही.

यावर एक उत्तर असे दिले जाते, की लोकप्रिय खेळांच्या नव्या आवृत्त्या निघतातच, मग जुन्याची काळजी कशाला. या उत्तराची परीक्षा नेमकी आपल्या दारात झाली आहे. युबिसॉफ्ट कंपनीने २००३ साली काढलेल्या ‘द सँड्स ऑफ टाइम’ या प्रिन्सच्या पुढच्या अवताराची नवी आवृत्ती २०२० मध्ये जाहीर झाली, तेव्हा ते काम कंपनीच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे होते. पहिली झलक पाहून चाहत्यांनी चित्रणावर नाराजी व्यक्त केली, प्रकाशन लांबणीवर पडत गेले आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे देण्यात आले. आपल्या मुलांच्या कौशल्यावर शंका घ्यावी असे मला यातून मुळीच वाटत नाही. नवी आवृत्ती ही नवी कृती असते, तिचे यशापयश तिच्यापुरते. मूळ कृतीची जागा ती घेऊ शकत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. शिवाय नव्या आवृत्त्या निघतात त्या मोजक्या नावाजलेल्या खेळांच्या. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, त्या देशात २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आज बाजारात कुठेही विकत मिळत नाहीत. तेथील ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दूरस्थ पद्धतीने उपलब्ध करून देण्याची मुभा मागितली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकी प्रताधिकार कार्यालयाने ती नाकारली.

आपल्याकडची स्थिती याहून विचित्र आहे. आपल्या प्रताधिकार कायद्यात (१९५७) संगणक प्रणाली ही साहित्यकृतीतच गणली जाते आणि तिचे संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालते. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला सुरक्षेसाठी जादा प्रत काढून ठेवता येते, ही सोय चांगली आहे, पण ती व्यक्तीपुरती. ग्रंथालयांसाठी २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(एन) आले. त्यानुसार बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. अट एवढीच, की तिची अंकीय (डिजिटल) नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. छापील पुस्तकासाठी हे ठीक आहे. पण जो खेळ जन्मतःच फ्लॉपीवर आला, त्याची अंकीय नसलेली प्रत असणार कशी? म्हणजे ज्या वस्तू सर्वांत लवकर खराब होतात त्यांनाच हे कलम लागू पडत नाही. पुस्तके आणि वृत्तपत्रे ग्रंथालयांना देण्याविषयीच्या १९५४ च्या कायद्यानुसार मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह देशातील चार ग्रंथालयांना प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत द्यावी लागते. संगणकीय खेळ त्या कायद्याच्या कक्षेतच नाहीत.

चित्रपटांच्या बाबतीत हे दुखणे आपण एकदा भोगले आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये, आणि तोवर भारतीय मूकपटांपैकी बहुतेक सगळे कायमचे नष्ट झाले होते. ते संग्रहालय उभारणाऱ्या पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून जे वाचवले ते वाचले. खेळांच्या बाबतीत आपण अजून तेवढा उशीर केलेला नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यांत १९९१ चा ‘अनदर वर्ल्ड’ हा प्रिन्सच्याच घराण्यातला प्लॅटफॉर्म गेमही आहे. आपल्या राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि गेमिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. उद्योग, गुंतवणूक आणि रोजगार या अंगाने त्याची चर्चा पुष्कळ झाली; जुने खेळ जपण्याविषयी त्या चर्चेत माझ्या तरी वाचनात काही आले नाही. जी मुले उद्या या धोरणाच्या जोरावर खेळ बनवायला शिकतील, त्यांनी सावलीचा तो प्रसंग स्वतःच्या हातांनी खेळून पाहिला पाहिजे, आणि तो कुठल्यातरी अनधिकृत संकेतस्थळावरून चोरून नव्हे.

म्हणून आपल्या वृत्तपत्रामार्फत दोन मागण्या मांडते. केंद्र सरकारने कलम ५२(१)(एन) मधील ‘अंकीय नसलेली प्रत’ ही अट, निदान जन्मतः अंकीय असलेल्या कृतींपुरती, काढून टाकावी. आणि राज्याच्या धोरणात एका संग्रहाची तरतूद व्हावी, जिथे खेळांबरोबर त्यांची खोकी, पुस्तिका आणि ते चालवणारी जुनी यंत्रेही ठेवली जातील. पुस्तिका नसेल तर प्रिन्सची ती बाटल्यांची खोली अंदाजानेच ओलांडावी लागते, हे वर आलेच आहे. आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. ज्या पानावर आपण पुस्तकांची आणि चित्रपटांची परीक्षणे छापता, त्याच पानावर अधूनमधून एखाद्या जुन्या खेळाचे परीक्षण, तो खेळून पाहिलेल्या जाणकाराकडून लिहवून घ्यावे.

हे पत्र वाचणाऱ्यांपैकी काहींच्या माळ्यावर त्या काळच्या फ्लॉप्या, क्लासच्या वह्या, एखादी मूळ पुस्तिकाही असू शकेल. त्यांनी ती रद्दीत घालू नये अशी विनंती मी करते. पण ती आज नेऊन द्यायची कोणाकडे, हा प्रश्न त्यांनी विचारला तर त्याचे उत्तर राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाने द्यायला हवे.

आपली नम्र,
एक वाचक, मिरज